काडी लावण्यापूर्वी

(शेतकरी आणि शहरी नागरिक यांच्या एकत्रित मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



'शेतातील टाकाऊ पदार्थांपासून इंधन व अन्य उपयुक्त वस्तू' असा आजचा विषय आहे. प्रारंभीच या शीर्षकातील एका शब्दाविषयी माझा मतभेद नोंदवतो. तो शब्द म्हणजे 'टाकाऊ'. आपल्या शेतकऱ्याच्या भाषेत धान्य काढून घेतल्यानंतर उरणाऱ्या वस्तूंना किती नावे आहेत ते पाहा. ज्वारीचा कडबा, बाजरीचे सरमाड, भाताचा पेंढा, गव्हाचे काड, सोयाबीनचे कुटार, तुरीच्या तुराट्या, कपाशीची पऱ्हाटी, मक्याची बुरकुंडे, उसाचे वाढे, पाचट आणि चिपाड. एवढेच काय, भाताच्या तुसालाही स्वतंत्र नाव आहे. पिढ्यान्‌पिढ्या ज्या वस्तूला वेगळे नाव दिले गेले, तिला वेगळे काम होते. कडबा गोठ्यात जाई, तुराट्या चुलीत आणि कुडाच्या भिंतीत जात, पेंढा छपरावर चढे, तूस वीटभट्टीत जाई. या सर्वांना मिळून 'कचरा' म्हणण्याची वेळ आली, ती आपल्या हयातीत.

असे का झाले? शेतकरी आळशी झाला म्हणून नव्हे. गावातील बैल घटले, तशी चाऱ्याची गरज घटली. शेतावर मजूर मिळेनासा झाला आणि कापणीला यंत्र आले. घराला पत्रा व स्लॅब आला, स्वयंपाकघरात गॅस आला. यांतील प्रत्येक बदल आपापल्या जागी योग्यच होता. परंतु जुनी साखळी तुटली आणि नवी जोडायला आपण विसरलो. त्या तुटलेल्या जागी आज आगपेटीची काडी आहे. एकरभर रान मोकळे करायला त्या काडीइतके स्वस्त साधन दुसरे नाही. म्हणून शेतकऱ्याला दोष देण्यापूर्वी, त्या काडीहून परवडणारा दुसरा मार्ग आपण त्याच्यापुढे ठेवला आहे का, हे विचारले पाहिजे.

धुरात काय जाते?

देशात दरवर्षी सुमारे ५० कोटी टन पीक-अवशेष निर्माण होतात आणि त्यांतील नऊ कोटी टनांहून अधिक शेतातच जाळले जातात, असा केंद्र सरकारच्या २०१४ च्या राष्ट्रीय धोरणाच्या काळातील अंदाज आहे. त्यानंतरच्या एका पाहणीने एकूण उपलब्धता ७५ कोटी टन आणि इतर सर्व उपयोग भागवून उरणारे अवशेष सुमारे २३ कोटी टन धरले आहेत. त्यापासून २८ हजार मेगावॉट वीजनिर्मितीची क्षमता उभी राहू शकेल, असे ती पाहणी सांगते. आकडे कमीअधिक होतील, पण जळणारी वस्तू किरकोळ नाही हे निश्चित.

भाताच्या एक टन पेंढ्यात साधारण साडेपाच किलो नत्र, सव्वादोन किलो स्फुरद, २५ किलो पालाश, एक किलोहून अधिक गंधक आणि ४०० किलो कर्ब असतो. आग लागली की कर्ब, बहुतांश नत्र आणि बराच गंधक हवेत निघून जातो. पालाश राखेत उरतो, पण राख वाऱ्याबरोबर बांध ओलांडते. वरच्या थरातील सूक्ष्मजीव होरपळतात. नंतर तोच शेतकरी दुकानात जाऊन नत्राचे पोते विकत घेतो. या व्यवहाराला आपण 'शेत साफ करणे' म्हणतो.

पंजाब-हरियाणातील प्रश्न आपण दरवर्षी दिल्लीच्या धुरामुळे ऐकतो. त्याचे मूळ समजून घेण्यासारखे आहे. भूजल वाचवण्यासाठी पंजाबने २००९ साली कायदा करून भाताची लावणी जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत पुढे ढकलली. हेतू उत्तम होता. पण त्यामुळे भाताची कापणी आणि गव्हाची पेरणी यांत जेमतेम दोन-तीन आठवडे उरले. कंबाईन हार्वेस्टर कणसे नेतो आणि उभे खुंट व विखुरलेला पेंढा मागे ठेवतो. तेवढ्या दिवसांत तो उचलायचा कोणी? २०१५ साली राष्ट्रीय हरित लवादाने जाळण्यावर बंदी घातली. २०१८ पासून केंद्राने यंत्रांसाठी व्यक्तीला ५० टक्के, तर सहकारी संस्था व भाडेतत्त्वावरील अवजार केंद्रांना ८० टक्के अनुदान दिले. पंजाबात २०२० च्या हंगामात उपग्रहांनी ८० हजारांहून अधिक आगी टिपल्या होत्या. २०२४ मध्ये ही संख्या ११ हजारांच्या आसपास आली. उपग्रह ठरावीक वेळी डोक्यावरून जातो, त्यामुळे या घटीविषयी तज्ज्ञांत वाद आहे. तरीही एवढे दिसते की केवळ बंदीने जे साधले नाही, त्याची सुरुवात यंत्र आणि ग्राहक मिळाल्यावर झाली.

दिल्लीचा धूर वर्तमानपत्रात येतो. कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, सोलापूर, अहिल्यानगर या पट्ट्यात उसाची तोड झाली की संध्याकाळी फडांत ज्या आगी दिसतात, त्यांची बातमी होत नाही. म्हणून आता आपल्या घराकडे वळतो.

पहिला हक्क मातीचा

ऊसतोड कामगार उसाची मोळी बांधतो, हिरवे वाढे जनावरांना जाते आणि वाळलेले पाचट फडात राहते. हेक्टरी आठ ते दहा टन पाचट निघते. राज्यातील उसाचे क्षेत्र दहा लाख हेक्टरांहून अधिक आहे. केवळ दहा लाख हेक्टर आणि हेक्टरी आठ टन धरले, तरी हे ८० लाख टन होतात.

इंधनाची चर्चा करण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. पीक-अवशेषांवर पहिला हक्क मातीचा आहे. आपल्या अनेक सिंचित जमिनींतील सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्याही खाली गेला आहे. कृषी विद्यापीठ आणि ऊस संशोधन संस्था गेली अनेक वर्षे सांगत आहेत की खोडवा राखायचा असेल तर पाचट जाळू नका. बुडखे जमिनीलगत छाटा, पाचट सरीत दाबा, त्यावर हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारे जिवाणू संवर्धक टाका. हेक्टरभर पाचट कुजले की त्यातून साधारण ४० ते ५० किलो नत्र, २० ते ३० किलो स्फुरद, ७५ ते १०० किलो पालाश आणि तीन ते चार टन सेंद्रिय कर्ब जमिनीला मिळतो. शिवाय ओल टिकते, तण दबते आणि पाण्याच्या एक-दोन पाळ्या वाचतात. दुष्काळी तालुक्यात एका पाळीचे मोल काय असते, हे येथे बसलेल्या शेतकऱ्यांना सांगण्याची आवश्यकता नाही.

तेव्हा उद्या एखादा कारखाना दारात येऊन 'सगळे पाचट आम्हाला द्या' म्हणाला, तर होकार देण्यापूर्वी विचार करा. खोडवा राखायचा आहे त्या फडातील पाचट तेथेच राहू द्यावे. खोडवा मोडून दुसरे पीक घ्यायचे आहे, पुढच्या पेरणीची घाई आहे, तेथले पाचट आजवर काडीच्या वाट्याला जात होते. ते इंधनाकडे जावे. सोयाबीनचे कुटार आणि ज्वारीचा कडबा यांवर गोठ्याचा हक्क आहे. प्रत्येक अवशेषाचे घर वेगळे आहे. सगळ्यांना एकाच भट्टीत कोंबणारी योजना ही शेतीची योजना नव्हे.

कपाशीची पऱ्हाटी मात्र थेट इंधनाच्या घरची आहे. ती लाकडासारखी कठीण असते, लवकर कुजत नाही आणि जनावर तिला तोंड लावत नाही. शिवाय तिच्यावर राहिलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी मुक्काम करते. २०१७ च्या हंगामात या अळीने विदर्भ-मराठवाड्यातील कपाशीची काय दशा केली, ते आपण पाहिले आहे. फरदड घेऊ नका, शेवटच्या वेचणीनंतर पऱ्हाटी लगेच काढा, असे कृषी विभाग कानीकपाळी ओरडतो. पण काढून टाकायची कुठे? तिला गावातच भाव मिळाला, तर फरदडीचा मोह सुटेल आणि अळीचे चक्रही तुटेल. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड, ब्रिकेट आणि पेलेट बनवण्याच्या पद्धती विकसित केल्या आहेत. तंत्र उपलब्ध आहे. ते गावात पोहोचवण्याचे काम बाकी आहे.

पाचटाचा कोळसा

आता इंधनाकडे येऊ. पाचटासारख्या हलक्या वस्तूचे इंधन करण्यातली मुख्य अडचण तिच्या पोकळपणात आहे. किलोमागे उष्णता पाहिली तर वाळलेला काडीकचरा सुमारे तीन ते साडेतीन हजार किलोकॅलरी देतो. हलक्या प्रतीच्या देशी कोळशाशी ती तुलना करता येईल इतकी आहे. पण मोकळ्या पाचटाचा घनमीटर साधारण साठ-सत्तर किलोच भरतो. दहा टनांचा ट्रक गळ्यापर्यंत भरला, तरी त्यात दोन-तीन टनच जातात. आपण डिझेल जाळून हवेची वाहतूक करतो. म्हणून पहिला नियम असा की पाचट गावाबाहेर जाण्यापूर्वी घट्ट झाले पाहिजे.

हे घट्ट करण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला गठ्ठ्यांचा, म्हणजे बेलरचा. दुसरा ब्रिकेटचा. वाळलेला भुसा यंत्रात प्रचंड दाबाखाली जातो, दाबाने तापतो, त्यातील लिग्निन मऊ होते आणि तेच डिंकाचे काम करते. बाहेरून काही मिसळावे लागत नाही. बाजारात याला 'पांढरा कोळसा' म्हणतात. कारखान्यांचे बॉयलर त्यावर चालतात.

तिसरा मार्ग पुण्याचा आहे आणि त्याचा उल्लेख अभिमानाने केला पाहिजे. डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' या संस्थेने, म्हणजे अप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूटने, पाचटापासून लोणारी कोळसा करण्याची साधी भट्टी तयार केली. पत्र्याच्या पिंपांत पाचट ठासून भरायचे, पिंपे भट्टीत ठेवायची आणि खाली थोडे पाचट पेटवायचे. पिंपाच्या आत हवा नसल्यामुळे पाचट जळत नाही, भाजते. त्यातून निघणारा ज्वलनशील वायू पिंपाबाहेर येऊन तेथेच पेटतो आणि पुढची उष्णता तोच पुरवतो. वजनाच्या सुमारे चौथा हिस्सा कोळसा मिळतो. त्याच्या भुकटीत खळ किंवा शेण कालवून कांड्या पाडायच्या आणि उन्हात वाळवायच्या. या कामासाठी संस्थेला २००२ साली ब्रिटनमधील ॲश्डेन पुरस्कार मिळाला. 'सराई' या वाफेच्या कुकरमध्ये शंभरेक ग्रॅम कांड्यांवर पाच माणसांच्या कुटुंबाचा भात, वरण, भाजी शिजते. शंभर ग्रॅम! एवढे पाचट तर फडातून चालताना पायाला चिकटून येते.

ही भट्टी दोन माणसे चालवू शकतात. ऊसतोडीच्या हंगामात एखाद्या बचत गटाला हा उद्योग करता येईल. एक सूचना मात्र माता-भगिनींसाठी आवर्जून देतो. कोळशाला धूर नसतो, पण त्यातून कार्बन मोनॉक्साइड हा वासही न येणारा विषारी वायू निघतो. म्हणून शेगडी नेहमी मोकळ्या हवेत वापरावी. बंद खोलीत ऊब घेण्यासाठी ती कधीही ठेवू नये.

सातारा जिल्ह्यात फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्था आहे. बनबिहारी निंबकर यांनी ती १९६८ साली स्थापन केली. तेथे डॉ. अनिल राजवंशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात उसाचे मोकळे पाचट आणि चिपाड यांवर चालणारा गॅसिफायर तयार केला. मर्यादित हवेत जाळून त्यांचे ज्वलनशील वायूत रूपांतर करायचे आणि तो वायू कारखान्याच्या भट्टीला द्यायचा. इतरत्र गॅसिफायरला लाकडाचे ढलपे लागत, येथे पोकळ पाचट चालले. तालुक्याच्या गावी बसून देशाच्या ऊर्जेचा विचार करता येतो, हे राजवंशींनी दाखवून दिले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

मोठे कारखाने आणि त्यांचा धडा

मोठ्या प्रमाणावरही काम सुरू झाले आहे. १० ऑगस्ट २०२२ रोजी पानिपत येथे इंडियन ऑइलचा प्रकल्प राष्ट्राला अर्पण झाला. खर्च ९०० कोटींहून अधिक. वर्षाला दोन लाख टन भाताच्या पेंढ्यापासून सुमारे तीन कोटी लिटर इथेनॉल, म्हणजे टनाला दीडशे लिटर. त्याचे तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचे आहे. मराठ्यांच्या मनात पानिपत या नावाशी एक सल आहे. तेथे एका मराठी उद्योगाचे तंत्र काडातून इंधन काढते आहे, याचे समाधान वाटल्याशिवाय राहत नाही.

येथे एक भेद ध्यानात ठेवावा. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे लक्ष्य आपण २०२५ मध्ये गाठले. पण त्यातील बहुतेक इथेनॉल ऊस आणि धान्य यांचे आहे. त्याला जमीन लागते, पाणी लागते. अवशेषांच्या इथेनॉलला वेगळी जमीन लागत नाही. ते महाग आणि कठीण आहे, कारण काडातील साखर लिग्निनच्या कुलपात बंद असते. ते कुलूप उघडायला उष्णता, रसायन आणि विकरे लागतात. पण कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक आपण बाहेरून आणतो, हे पाहता हा श्रम करण्याजोगा आहे.

दुसरा मार्ग बायोगॅसचा. आपल्याला हा विषय नवा नाही. १८९७ साली मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठाश्रमात मैल्याच्या टाक्यांतून निघणारा वायू गोळा करून वापरल्याची नोंद आहे. पुढे खादी ग्रामोद्योग आयोगाने गोबरगॅस खेडोपाडी नेला. आज त्याच वायूतील कार्बन डायऑक्साइड काढून, दाबाखाली भरून तो वाहनांसाठी वापरता येतो. पंजाबात संगरूर जिल्ह्यातील लेहरागागा येथे ऑक्टोबर २०२२ मध्ये असा मोठा प्रकल्प सुरू झाला. वर्षाला एक लाख टन पेंढा आणि दिवसाला ३३ टन वायू अशी त्याची रचना आहे.

बायोगॅसचा एक गुण मला विशेष मोलाचा वाटतो. इंधनाला लागतो कर्ब आणि हायड्रोजन. पिकाला हवे असते नत्र, स्फुरद, पालाश. वायू निघून गेला तरी नत्र, स्फुरद, पालाश टाकीतील मळीत शिल्लक राहतात आणि ती मळी शेतात परत जाऊ शकते. म्हणजे माती आणि इंजीन यांच्यातला तंटा बऱ्याच अंशी मिटतो. अशा खताच्या विक्रीला केंद्राने २०२३ पासून टनाला दीड हजार रुपयांचे साहाय्य ठेवले आहे.

इतके असूनही 'सतत' योजनेत २०१८ साली जाहीर केलेले पाच हजार प्रकल्पांचे लक्ष्य २०२३ पर्यंत जवळपासही गाठता आले नाही. का? पेंढा वीस दिवसांत येतो, कारखाना ३३० दिवस चालवायचा असतो. मधल्या काळात तो ठेवायचा कोठे? पावसात भिजतो, ठिणगीने पेटतो. कोणाच्या शेतातून कोणत्या दिवशी उचलायचा? कोणत्या भावाने? गठ्ठे बांधणारे यंत्र कोणाचे? या प्रश्नांची उत्तरे प्रयोगशाळेत सापडत नाहीत.

चिपाड जळत नाही, पाचट का जळते?

आजच्या विषयाचा गाभा या एका प्रश्नात आहे, असे मी मानतो. उसाच्या शंभर टनांतून अठ्ठावीस-तीस टन चिपाड निघते. महाराष्ट्रातील कोणताही साखर कारखाना चिपाड उकिरड्यावर फेकून पेटवून देत नाही. त्यावर बॉयलर चालतो, वीज तयार होते, उरलेली वीज विकली जाते, कागद गिरण्या ते विकत घेतात. आणि त्याच उसाचे पाचट मात्र फडात जळते. दोन्ही एकाच झाडाची. पाचट तर चिपाडापेक्षा कोरडे. मग फरक कशाचा?

फरक इतकाच की चिपाड आपोआप एका ठिकाणी गोळा होते आणि पाचट हजारो बांधांवर विखुरलेले असते. प्रश्न यंत्राचा कमी आणि गोळा करण्याचा अधिक आहे. म्हणजे तो संघटनेचा प्रश्न आहे.

आणि संघटनेची विद्या महाराष्ट्राला नवी नाही. ऊसही असाच बांधाबांधावर विखुरलेला होता. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५० साली प्रवरानगरला तो एका गव्हाणीत आणून दाखवला. आज प्रत्येक कारखान्याच्या शेतकी खात्यात ऊसनोंद असते. कोणत्या गटात, कोणत्या तारखेला तोड होणार, हे आधी ठरलेले असते. म्हणजे कोणत्या दिवशी कोणत्या फडात पाचट पडणार, हेही तेच रजिस्टर सांगते. त्या नोंदवहीत 'पाचटाचे काय करणार' हा एक रकाना वाढवला तरी निम्मे काम होते. जमिनीत दाबणार की देणार? दबणार तेथे जिवाणू आणि कुट्टी यंत्र पाठवा. देणार तेथे तोडीच्या दुसऱ्या दिवशी बेलर पाठवा. पाचट कारखान्याच्या बॉयलरला पूर्णपणे चालत नाही. त्याच्या राखेतील पालाश आणि सिलिका वितळून नळ्यांवर थर चढतो. पण चिपाडात बेताने मिसळता येते. उरलेल्याची ब्रिकेट होतील, कोळसा होईल.

जेथे कारखाना नाही, तेथे विकास सोसायटी आहे, शेतकरी उत्पादक कंपनी आहे, बचत गट आहेत. कापसाच्या पट्ट्यात जिनिंगचे आवार वर्षातील अनेक महिने रिकामे असते, पऱ्हाटी साठवायला दुसरी जागा शोधायला नको. काडीकचऱ्यावर धिंगरी अळिंबी घ्यावी. किलोभर कोरड्या काडातून अर्धा किलो ताजी अळिंबी सहज मिळते, आणि अळिंबी निघाल्यावर उरलेले काड खताला अधिकच योग्य होते. एकाच काडाचा असा दोनदा, तीनदा उपयोग करणे, यालाच आपले वाडवडील संसार म्हणत.

आपण काय करायचे?

शेतकरी बांधवांना मी तीनच गोष्टी सांगतो. माती परीक्षणाच्या कागदावर सेंद्रिय कर्बाचा आकडा आधी पाहा आणि मग पाचटाचे ठरवा. दुसरे, एकट्याने भाव मागू नका. दहा एकरांचे पाचट विकत घ्यायला कोणी येणार नाही, गावाचे पाचशे एकर असतील तर बेलरवाला स्वतः येईल. तिसरे, करारात लिहून घ्या की नेलेल्या मालाच्या बदल्यात मळी किंवा खत ठरलेल्या प्रमाणात शेतात परत येईल.

कार्यकर्त्यांना विनंती अशी. आपल्या गावात कोणत्या पिकाचे किती अवशेष निघतात, किती गोठ्यात जातात, किती जमिनीत, किती आगीत, याची नोंद एका हंगामात करा. वही आणि पेन्सिल पुरे. ही माहिती आज कोणाकडेही गावनिहाय नाही. ती हाती आली की बँक, उद्योजक आणि पंचायत समिती या तिघांशी बोलता येते. ती नसेल तर केवळ प्रबोधन होते, आणि प्रबोधनाने फड मोकळा होत नाही.

शहरातील कुटुंबांचाही यात वाटा आहे. औष्णिक वीज केंद्रांनी कोळशात पाच टक्के पेलेट मिसळावेत, असे धोरण केंद्राने ऑक्टोबर २०२१ मध्ये ठरवले. आपल्या सोसायटीत, कॅन्टीनमध्ये, मंगल कार्यालयात, छोट्या कारखान्यात जेथे लाकूड किंवा डिझेल जळते, तेथे ब्रिकेट चालतील का, याची चौकशी करा. शेतकरी पाचट जाळतो अशी तक्रार करण्याचा अधिकार, त्याचे पाचट विकत घेण्याची तयारी दाखवणाऱ्याला अधिक आहे.

पुढच्या महिन्यांत तोड जोरात सुरू होईल. फडातील शेवटची मोळी गाडीत चढेल आणि मागे गुडघाभर पाचट उरेल. त्या क्षणी शेतकऱ्याच्या हातात आगपेटी असेल की कोणाचा तरी फोन नंबर असेल, हे त्या दिवशी ठरत नसते. ते आज, अशा सभांतून उठून आपण काय करतो त्यावर ठरते. तो नंबर त्याच्याकडे असावा, एवढी व्यवस्था आपल्या तालुक्यात आपण उभी करू या.